डावा अमेरिकन, उजवा ऑस्ट्रेलियन

२३ मार्च, रविवार

माझ्या भाचीचा, अक्षदाचा साखरपुडा झाला. अंगठ्या बदलल्या तेव्हा मांडवात नवरा, नवरी, भटजी आणि माझी बहीण भागीरथी एवढीच माणसं होती. बाकीचं किन्हवली गाव बाहेर, गाडीभोवती.

नवरदेव धनेश पलीकडच्या मुरबाड तालुक्यातल्या धसईचा. तिथल्या एका फार्महाउसची देखरेख करतो. मालक मुंबईचा, जुन्या गाड्यांचा शौकीन. त्याची लाल मस्टँग, एकोणीसशे सत्तर सालची, थेट अमेरिकेतली, लग्नापुरती धनेशला वापरायला दिलीय. एवढं लांब नाक मी आजवर फक्त धनेशच्या आत्याचं, सकुबाईंचं पाहिलं होतं. गाडी सुरू केली तेव्हा मांडवाच्या झालरी थरथरल्या आणि दोन कोंबड्यांनी गाव सोडलं.

मग माइक माझ्याकडे आला. तो येऊ द्यायला नको होता, असं माधुरीचं मत. माधुरी म्हणजे माझी बायको आणि माझ्या कॉमेंट्रीला टाळ्या न वाजवणारी तालुक्यातली एकमेव व्यक्ती. शहापुरात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण 'वाल्मिक झेरॉक्सवाला' म्हटलं तर कोणी ओळखणार नाही. 'शर्यतीतला वाल्मिक' म्हटलं की शहापूर, मुरबाड दोन्ही तालुके ओळखतात. बैल धावतात ते हाकणाऱ्याच्या जिवावर. गाव धावतं ते माझ्या तोंडावर.

तर मी सुरू झालो. ''बघा बघा, अमेरिकेचा खोंड आलाय! स्टिअरिंग डावीकडं, म्हणजे जोडीतला डावा! छाती बघा, पुठ्ठे बघा! आणि मुलीकडच्यांनो, तुमच्या दावणीला काय हाय? साईनाथचा पिकअप? त्याला आधी सायलेन्सर बसवा रे, मग सोयरिक करा!''

हशा काय पिकला! साईनाथ अक्षदाचा थोरला भाऊ, आसनगावला हायवेवर त्याचं गाड्या रंगवायचं गॅरेज. तोही हसला. मग पाहुण्यांना पाणी आणायला म्हणून गेला, तो जेवणं उरकली तरी आला नाही. कामाचा माणूस. गॅरेजवर गेला असेल.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळीच साईनाथचा फोन. ''मामा, गॅरेजवर ये. आत्ताच्या आत्ता.''

शटर अर्धं वर केलं आणि दाखवलं. हिरवीगार, चार दारांची, बुलडोझरच्या लहान बहिणीसारखी. फोर्ड फाल्कन, ऑस्ट्रेलियाची. नाशिककडच्या एका द्राक्षबागायतदाराने तिकडून आणलीय, रंगकामाला साईनाथकडे दिलीय. लग्नात फिरवायला त्याने परवानगी दिल्याचं साईनाथ म्हणतो. म्हणताना माझ्याकडे न बघता बॉनेट पुसत होता.

''आता बोल मामा. आता आमच्या दावणीला काय हाय?''

मी तिथेच मोबाइलसमोर बोललो. मस्टँग म्हणजे रानघोडा, फाल्कन म्हणजे ससाणा, तेव्हा घोड्यावर ससाण्याची झडप वगैरे. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मुरबाडला पोचला आणि रात्री धसईहून धनेशचा निरोप आला. फक्त तीन हसरे चेहरे. आजकालच्या पोरांना राग आला की ती हसरे चेहरे पाठवतात.

५ एप्रिल, शनिवार

मी अधूनमधून लिहितो त्या साप्ताहिकाच्या संपादकाने दोन्ही गाड्यांवर लेख मागितला. तुलना करायची म्हणजे दोन्हींत बसून पाहायला हवं. पाहिलं.

मस्टँगला दारं दोन. मागची सीट ही सीट नसून पाहुण्यांना दिलेला इशारा आहे. तिथे करवली बसेल, तिचा घागरा बसणार नाही. पण ही बया उभी असतानाही धावतेय असं वाटतं. फाल्कन धावत असतानाही कोणाच्या तरी तेराव्याला चालल्यासारखी गंभीर. मात्र आत पाच माणसं डबे घेऊन बसतील. अमेरिकेने गाडी बांधली ती लोकांनी बघावी म्हणून आणि ऑस्ट्रेलियाने बांधली ती मैलोन्‌मैल बघायला कोणी नसतं म्हणून. पिण्याच्या बाबतीत मात्र दोघी सख्ख्या जावा. पेट्रोल पंप दिसला की दोघींना गहिवरून येतं.

लेख अक्षदाला वाचून दाखवला. ती मुरबाड एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे. पोरगी हसली नाही.

''मामा, दोघींचं इंजिन एकाच कुळातलं हाय. फोर्डचं, तीनशे एक्कावन्न घनइंचाचं. एक अमेरिकेत बनलं, एक ऑस्ट्रेलियात, एवढाच फरक. मंग लढवतोस काय?''

''एका गायीचे दोन बैल हायत म्हणून शर्यत थांबते काय गो?''

''बैलांची नाय थांबत. माणसांची थांबवता येते.''

हे लेखात घेतलं नाही. शब्दमर्यादा.

१२ एप्रिल, शनिवार

लेख गाजला. शहापूरच्या बाजारात चार जणांनी थांबवून हात मिळवला. मुरबाडच्या एकाने फोनवरून आई काढली. दोन्ही प्रकारचा वाचक लागतो.

साईनाथ रात्र रात्र फाल्कनला पॉलिश करतोय. भागीरथीताई म्हणाली, ''अरे, पोराचं जेवणावर ध्यान नाय. तुझा व्हिडिओ लावून बसतो. साखरपुड्यातला, त्यो पिकअपवाला.'' मी म्हणालो, माझे जुने व्हिडिओ लोक पुन्हा पुन्हा बघतात, यात नवल नाही.

२० एप्रिल, रविवार

आज धसई आणि किन्हवलीच्या मधल्या सरळगावच्या चहाच्या टपरीवर तह झाला. तह म्हणजे लढाईची तारीख.

आमच्याकडे रीत अशी की नवऱ्याला हळद लागते, त्यातली उरलेली उष्टी हळद नवरीकडे येते आणि ती आली की मगच नवरीला हळद लागते. ती येईपर्यंत पोरगी पाटावर बसून वाट बघते. तर ही हळद मस्टँगमधून निघणार. मुलीकडून साईनाथ फाल्कन घेऊन सरळगावपर्यंत सामोरा जाणार आणि तिथून किन्हवलीच्या मैदानापर्यंत दोघी एका रांगेत सुटणार. आधी पोचेल ती गाडी दुसऱ्या दिवशीच्या वरातीत पुढे. हळद लागल्यावर नवरदेवाने वेशीबाहेर पडायचं नसतं, म्हणून मस्टँग धनेशचा चुलतभाऊ कान्हा चालवणार.

उभं कसं राहायचं यावर तासभर वाद. शेवटी मी तोडगा काढला आणि तो सगळ्यांना पटला, हे नमूद करतो. मस्टँगचं स्टिअरिंग डावीकडे, फाल्कनचं उजवीकडे. तेव्हा मस्टँग रस्त्याच्या उजव्या अंगाला, फाल्कन डाव्या. म्हणजे दोन्ही हाकणारे खिडकीला खिडकी लावून, एकमेकांच्या डोळ्यात बघत येणार. याहून देखणी जोडी कोणत्या जुवाला जुंपली होती?

घरी आल्यावर माधुरीला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, ''आणि उजव्या अंगाला समोरून गाडी आली तर?''

''दुपारच्या उन्हात त्या रस्त्यावर कोण येतंय? कावळे पण सावलीला असतात.''

माधुरी बोलत नाही तेव्हा भाकरी जरा जास्त जोरात थापली जाते.

२४ एप्रिल, गुरुवार

अक्षदा कंपनीतून सुटून दुकानात आली. झेरॉक्सच्या मशिनला टेकून उभी राहिली.

''मामा, धनेश फोनवर धड बोलत नाय. बोलला की गाडीचंच बोलतो. परवा म्हणाला, तुझ्या मामाने मला गावासमोर डावा बैल केलाय, आता बघच. असा नव्हता गो... रे तो.'' रडायला आली की पोरगी मला आणि तिच्या आईला एकच समजते.

''मस्करी गं. बैल म्हणणं ही आमच्यात पदवी हाय.''

''तू त्याला एक फोन कर. साईदादाला पण सांग. शर्यत नको म्हणून. तुझं ऐकतील ते.''

''सांगतो.''

''नक्की?''

''सांगतो म्हटलं ना.''

तिला रिक्षात बसवलं. मग हळदीच्या दिवसाची कॉमेंट्री लिहायला बसलो. सुरुवात झकास जमलीय.

२६ एप्रिल, शनिवार

धनेशचाच फोन आला. म्हणजे मी करायची गरज राहिली नाही.

''मामा, कान्ह्याला डाव्या हाताची गाडी जमत नाय. फाटकाला घासता घासता ऱ्हायलीन. मालक मला जिता सोडायचा नाय.''

''मग रे?''

''बघतो कायतरी.''

''बघ. पण गाडी दिसली पायजे हां मैदानात. नायतर मी बोलू कोणावर? अमेरिका घाबरली म्हणून बोलावं लागंल.''

मग म्हणाला, ''दिसंल मामा. तुमी काळजी नका करू.''

समजूतदार मुलगा. अक्षदा उगाच घाबरते.

२९ एप्रिल, मंगळवार. हळद

जसं घडलं तसं लिहितो. अक्षर जरा वाकडं येतंय. उन्हाने.

मैदानात ट्रॉलीवर माझा माइक, चार दिशांना चार भोंगे. पोरांनी मोबाइलवर लाइव्ह लावलं होतं आणि दोन्ही गाड्यांत तेच लाइव्ह चालू होतं, म्हणजे मी बोलेन ते थेट हाकणाऱ्यांच्या कानात. ही सोय बैलांना कधी मिळाली नाही. ट्रॉलीवरून रस्ता दिसतो तो नदीच्या पुलापर्यंत. पलीकडे नुसती झाडी.

तिकडे भागीरथीताईच्या अंगणात अक्षदा पिवळी साडी नेसून पाटावर बसलेली. माधुरी तिच्याजवळ.

सरळगावहून फोन आला, सुटल्या. मी सुरू केलं. आवाज आज असा लागला होता की काय सांगू. मैदान उसळत होतं. तेवढ्यात माझ्या समोरून मुरबाडला जाणारी एसटी गेली. आज कधी नव्हे ती वेळेवर. मी तिच्यावरही एक वाक्य टाकलं, तिसरा बैल मैदानात उतरला म्हणून. लोक पोट धरून हसले.

एसटी पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी पोचली आणि झाडीतून दोघी बाहेर आल्या. रांगेत. लाल उजवीकडे, हिरवी डावीकडे, मध्ये वीतभर अंतर. म्हणजे लाल गाडीसमोर एसटी.

मी बोलत होतो. काय बोललो ते नीट आठवत नाही. बोलण्याच्या ओघात आठवत नसतं.

मग हिरवी मागे पडली. एकदम, कोणी वेसण ओढावी तशी. ''ऑस्ट्रेलिया बिचकला! पाणी बघून बिचकला!'' हे आठवतं. हिरवी मागे पडल्यावर जी फट झाली तीत लाल गाडी आडवी घुसली. एसटीचा हॉर्न वाजला तो थांबेचना. धूळ उठली. मग हॉर्न थांबला.

मैदानात कोणी हलेना. भोंग्यांतून कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. माझाच असावा. मग सगळे पळाले. मीही पळालो. हातात माइक तसाच होता, वायर ताणली जाऊन भोंग्यापासून निसटली तेव्हा कळलं.

पुलाच्या तोंडाशी एसटी तिरकी उभी. माणसं उतरलेली. एक बाई टोपली छातीशी धरून रस्त्यात बसलेली. कोणाला खरचटलंही नव्हतं. मस्टँगचं नाक कठड्यापासून हातभर अंतरावर. आत कान्हा नव्हता. धनेश होता. तोंडावर, मानेवर, दंडावर सकाळची हळद, उन्हाने वाळून भेगाळलेली. बाजूच्या सीटवर हळदीचं पातेलं पट्टा लावून बसवलं होतं. पट्टा तसाच होता, पातेलं उलटं. काच, सीट, खालची चटई, सगळं पिवळं.

साईनाथ मागे फाल्कनच्या दाराला टेकून खाली बसलेला. मी म्हणालो, ''काय रे, एवढ्यात दम संपला?''

त्याने वर पाहिलं. ''मामा, सुटताना तोंडाअंगाला टॉवेल गुंडाळलेला, मला वाटला कान्हा. म्होरं टॉवेल उडाला, खिडकीतनं बघितलं तर कान्हा नाय. ह्यो. अंगाला हळद. आणि म्होरं एसटी. ह्याला जागा कुठनं मिळनार? ब्रेक मारला मी.'' मग म्हणाला, ''माझी भन पाटावर बसलीय रे तिकडं.''

मागून टेम्पो आला. हळद घेऊन येणाऱ्या बायकांना धसईहूनच त्या टेम्पोत बसवलं होतं आणि पातेलं तेवढं मस्टँगमध्ये, म्हणजे गाडी हलकी. सकुबाई उतरल्या, त्यांनी भाच्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ''हळद लागल्यावर भाईर पडलास? आणि ही पन सांडलीस? आता रे काय न्यायचं पोरीला?''

तेवढ्यात स्कूटर आली. अक्षदा चालवतेय, मागे माधुरी. कोणीतरी ओरडलं, ''नवरीनं घर सोडायचं नसतं गो!''

''मला कुठं लागलीय हळद?'' अक्षदा म्हणाली. ''लागली नाय तवर मी नवरी नाय. कुठंपन जाईन. परत पन जाईन.''

शेवटचे शब्द ऐकून सकुबाईंनी कपाळावरचा हात खाली घेतला.

ती एसटीजवळ गेली. रस्त्यात बसलेल्या बाईला हात देऊन उठवलं. चाकांच्या खुणा पाहिल्या, कठडा पाहिला. मग फाल्कन. मग मस्टँगच्या डाव्या खिडकीशी येऊन उभी राहिली. धनेशचे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

''अक्षू, हळद सांडली गो.''

''दिसतंय.''

''जिंकलो पन.'' असं म्हणाला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. वाळलेली हळद गालावरून पापुद्र्यासारखी पडली.

''कोनाला दाखवीत होतास?''

धनेशने मान वळवली आणि माझ्या दिशेने पाहिलं. माझ्या मागे कोणी उभं असेल म्हणून मी वळून पाहिलं. मागे नुसती वायर होती.

अक्षदाने एकदा पुलाकडे, एकदा घराच्या रस्त्याकडे पाहिलं. एसटीच्या ड्रायव्हरने बिडी पेटवली नाही, काडी हातात तशीच. ती नाही म्हणाली असती तर कोणी तिला चूक म्हटलं नसतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. साईनाथ उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

''चावी दे,'' ती म्हणाली. धनेशने दिली. ''साईदादा, तुझी पन.'' दोन्ही चाव्या तिने माधुरीच्या पर्समध्ये टाकल्या. ''मामी, ज्याची त्याला पोचव. धसईवाल्या मालकाला आणि नाशिकवाल्याला. ह्या दोघांच्या हातात नको.''

मग म्हणाली, ''उतर खाली.'' धनेश उतरला. तिने त्याचा दंड धरला, बोटाने वाळलेली हळद खरवडली, तिच्यावर बाटलीतलं पाणी टाकलं आणि तळहातावर मळली.

''सकुआत्या, उष्टी हळदच लागते ना? ही काय कमी उष्टी हाय?''

सकुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग नाक ओढून म्हणाल्या, ''आन इकडं. तुझ्या हातानं नसतं लावायचं.'' आणि स्वतः तिच्या गालाला लावली. रस्त्यात, एसटीच्या सावलीत. टेम्पोतल्या बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग एकीने गाणं धरलं.

''आता लागली,'' अक्षदा म्हणाली. ''आता मी घरी जाते. तू टेम्पोत माघारी बस. मागं, बायकांत. उद्या येशील तो काय वेगानं येऊ नको.''

धनेश खरंच मागे जाऊन बसला. चार बायकांत, गुडघे पोटाशी घेऊन.

मला वाटलं प्रसंगाला साजेसं काही बोलावं. माइक तोंडाशी नेला. माधुरीने माझ्या हातातून तो काढून घेतला आणि वायर गुंडाळायला लागली.

रात्री विचारलं तिने, ''उजवीकडे गाडी उभी करायचं डोकं कोणाचं होतं?'' मी म्हणालो, रस्ताच अरुंद आहे. यावर लेख लिहायला हवा, बांधकाम खात्यावर.

३० एप्रिल, बुधवार. लग्न

धनेश एसटीने आला. मुंडावळ्या बांधून, पहिल्या सीटवर, मांडीवर बूट नवे म्हणून पिशवीत. कालचाच ड्रायव्हर. फाटकाशी गाडी उभी करून त्याने एकदा हॉर्न दिला, बेताचा.

साईनाथने त्याला उतरवून घेतलं. साईनाथने त्याचे बूट पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवले.

अक्षदाला मी मांडवात आणलं. मामाचा मान. माझा हात तिने घट्ट धरला होता, इतका की अंगठी रुतली. काहीतरी हलकंफुलकं बोलावं म्हणून तोंड उघडलं तर पुढे बघतच म्हणाली, ''मामा, आज नको.'' वधूची घालमेल असते ती.

मंडपवाला माइक आणायला विसरला होता. एवढा अनुभवी माणूस आणि नेमका माइक विसरतो! मी त्याला झापलं, तर तो माधुरीकडे बघून डोकं खाजवत राहिला. मंगलाष्टकं उघड्या गळ्याने झाली. मागच्या रांगेतही नीट ऐकू आली म्हणतात.

वरात पिकअपमधून गेली. साईनाथच्या. त्याला नवीन सायलेन्सर बसवलाय, हे मला गाडी वळणावरून निघून गेल्यावर लक्षात आलं. आवाजच आला नाही.

३ मे, शनिवार

डोंगराकडच्या एका गावात रविवारी शर्यत आहे. बोलावणं आलं. कळवतो म्हणालो.

कोणीतरी हळदीच्या दिवसाचं लाइव्ह पाठवलंय. संध्याकाळी ओटीवर लावलं. सुरुवात झकास आहे. मग एसटी जाते, लोक हसतात. मग दोघी झाडीतून बाहेर येतात आणि आवाज येतो: ''हाण अमेरिका! उजवी बाजू सोडू नको! एसटीवाला देईल बाजू! ब्रेकला पाय लावशील तर बैलाचा न्हायस तू, हाण!''

मी बंद केलं. रेकॉर्डिंग खराब आहे, म्हणालो. आवाज फाटलाय, शब्दच कळत नाहीत.

माधुरी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ''कळतायत. परत लावा.''